विकणाऱ्याला काय माहीत असावं?

काउंटरमागचं ज्ञान : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण कीटकनाशकांच्या दुकानात होतो. फवारणीचं औषध विकायचं तर आता शेतीविषयक शिक्षण लागतं, आणि शेतीमालाची दुकानं चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३पासून 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे, हे आपण पाहिलं. त्या लेखातली एक गोष्ट मी मुद्दाम आजच्यासाठी ठेवली होती. एके काळी पिकावर निकोटिन सल्फेट फवारत. ते इतकं विषारी की आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. बनवायचं ते फक्त निर्यातीसाठी. म्हणजे वांग्यावरच्या किडीला निकोटिन चालत नाही. तेच निकोटिन माणसाच्या तोंडात जाणाऱ्या पुडीत मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, आणि ती पुडी देणाऱ्याला एका दिवसाचंही शिक्षण घ्यावं लागत नाही.

आजचं ठिकाण तलकाड. म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूर तालुक्यातलं, कावेरीच्या काठचं हे गाव, गंगांची जुनी राजधानी. वाळूच्या टेकड्यांखाली गेलेल्या देवळांसाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर २०१३ आणि डिसेंबर २०२० मध्ये इथे पंचलिंग दर्शनाची यात्रा भरली. एरवीही शनिवार-रविवारी बंगळूर-म्हैसूरची माणसं नदीत डुंबायला येतात. अशा गावात पेट्टी अंगडी, म्हणजे आपली टपरी, गिऱ्हाइकांवरच जगते. पाण्याची बाटली, बिस्किटं, बिड्यांचा कट्टा, सिगारेट, कड्डीपुडी, होगेसोप्पू अशी खायची तंबाखू आणि चुन्याची डबी, सगळं हाताच्या अंतरावर. शहरातून आलेलं कॉलेजचं पोरगं इथे 'वेप आहे का', म्हणजे ई-सिगारेट आहे का, असं विचारू शकतं. टपरीवाल्याने तेव्हा काय सांगावं, आणि ते सांगायला त्याला काय माहीत असावं?

पहिलं उत्तर कायद्याचं. कर्नाटकाने ई-सिगारेटवर जून २०१६मध्येच बंदी घातली. केंद्राचा अध्यादेश सप्टेंबर २०१९चा, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळंच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. दोन गोष्टी मात्र दुकानदाराच्या कानावर क्वचितच गेलेल्या असतात. 'यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे' म्हणून सुटका होत नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही येतं, ई-हुक्काही येतो. दुसरी गोष्ट साठ्याची. ओळखीच्या कुणी 'हा खोका दोन दिवस ठेव' म्हणून दिला आणि आत काय आहे हे माहीत असून तो ठेवून घेतला, तर विक्री न करताही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. छोटा दुकानदार अडकतो तो अशा भिडेच्या व्यवहारात.

कायदा पाठ झाला, तरी वस्तूचं ज्ञान उरतंच. बॅटरी, तारेचं बारीक वेटोळं, कापसाची वात आणि द्रव, एवढाच ई-सिगारेटचा संसार. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची रसायनं आणि निकोटिन. ओढलं की वेटोळं तापतं, द्रवाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते छातीत जातात. राख नाही, बोटांना वास नाही, म्हणून आईबापांना पत्ता लागत नाही. पाकिटावर 'पाच टक्के' असं लिहिलेलं असतं आणि पाच हा आकडा किरकोळ वाटतो. पण पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम. दहा मिलिलिटर द्रव भरलेल्या यंत्रात ५०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटीतून ओढणाऱ्याच्या अंगात एक-दीड मिलिग्रॅम जातं. ब्रिटनमध्ये ही वस्तू कायदेशीर आहे, पण तिथे मर्यादा मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची. आपल्याकडे चोरट्या वाटेने येणाऱ्या मालाला कसलीच मर्यादा नाही, आणि तो हातात देणाऱ्याला हा गुणाकार ठाऊक नसतो.

इतकं जहाल द्रव घशाला झोंबत कसं नाही? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण याचं उत्तर तलकाडच्या टपरीवरच आहे. निकोटिन अल्कलीत मोकळं होतं आणि आम्लात क्षार बनून बांधलं जातं. मोकळं निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून झरझर रक्तात उतरतं, पण घशाला जाळतं. बांधलेलं निकोटिन सौम्य लागतं. तळहातावर कड्डीपुडी घेऊन अंगठ्याने चुना मळणारा शेतमजूर हेच करत असतो. चुना अल्कली आहे, तो निकोटिनला मोकळं करतो, म्हणून चुन्याशिवाय तंबाखू 'लागत' नाही. याच म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, हुणसूर आणि पिरियापट्टण भागात, भट्टीत वाळवायची व्हर्जिनिया तंबाखू पिकते आणि तंबाखू मंडळाच्या लिलावात विकली जाते. तिचा धूर थोडा आम्लधर्मी असतो. तो नुसता तोंडात धरून भागत नाही, छातीत ओढावा लागतो, आणि सिगारेटचा सगळा घात तिथेच झाला. ई-सिगारेट बनवणाऱ्यांनी हीच युक्ती पुढे नेली. द्रवात बेन्झोइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार केला. घसा तक्रार करेनासा झाला आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर पहिल्याच झुरक्यात न खोकता ५० मिलिग्रॅमवालं द्रव ओढू लागलं. घशाची जळजळ हा शरीराने ठेवलेला पहारा होता. तो हटवणं हे मला या वस्तूतलं सगळ्यात मोठं पाप वाटतं.

निकोटिन कातडीतूनही अंगात शिरतं, हेही या जिल्ह्याला शिकवावं लागू नये. दवाने भिजलेली तंबाखूची पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात. तंबाखूच्या हिरव्या पानांनी होणारं हे दुखणं जगभरच्या तंबाखूपट्ट्यांत ओळखीचं आहे. मग मिठाईच्या वासाच्या द्रवाची बाटली लहान मुलाच्या हाती लागली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

विकणाऱ्याला माहिती असलीच पाहिजे, असं ठरवणारा देश ऑस्ट्रेलिया. १ जुलै २०२४पासून तिथे ई-सिगारेट फक्त औषधांच्या दुकानात मिळते. ऑक्टोबर २०२४पासून प्रौढांना ठरावीक ताकदीपर्यंत चिठ्ठीशिवायही मिळू शकते, पण फार्मासिस्टने वय तपासायचं, सिगारेट सोडायचे दुसरे मार्ग सांगायचे, या गिऱ्हाइकाला ही वस्तू योग्य आहे का ते बोलून ठरवायचं. चव तंबाखू, पुदिना किंवा मेन्थॉलचीच. आपण बंदीचा रस्ता घेतला आणि आपल्या परिस्थितीत तो बरोबरच होता असं माझं मत आहे. इथे फार्मासिस्ट प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलेल, ही शक्यताच नव्हती. पण बंदी घातली म्हणून माहिती द्यायची गरज संपली, असं सरकारने धरून चालणं बरोबर नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात कर्नाटकातले २२.८ टक्के प्रौढ कुठली ना कुठली तंबाखू वापरत होते. ती सगळी तंबाखू कुणीतरी काउंटरवरून त्यांच्या हातात दिलेली होती.

मे २०२५च्या अखेरीस कर्नाटकाचा सुधारित तंबाखू कायदा लागू झाला. आता विक्रीसाठी गिऱ्हाइकाचं वय २१ हवं, १८ नव्हे. शाळा-कॉलेजापासून १०० मीटरच्या आत विक्री नाही. सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास दंड २०० रुपयांवरून १,००० झाला. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी दुकानदारांनाही हाच कायदा आहे. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे कागलात १८ आणि पलीकडे निपाणीत २१, हे दोन्हीकडे माल फिरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

याच कायद्याने सुटी सिगारेट विकायला मनाई केली. महाराष्ट्राने ती सप्टेंबर २०२०मध्येच केली होती. दुकानदारांना ही अट जाचक वाटते, कारण टपरीचा धंदा एकेका सिगारेटीवर चालतो. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, आणि आपल्या देशात ग्राहकापर्यंत पोचणारी माहिती म्हणजे ते पाकीटच. त्याच्या ८५ टक्के भागावर इशारा असतो. सप्टेंबर २०१८पासून त्यावर १८००-११-२३५६ हा व्यसन सोडवण्यासाठीचा फुकट फोन नंबरही छापलेला असतो. दक्षिणेतले फोन बंगळूरच्या निमहान्समधून घेतले जातात, आपल्याकडचे मुंबईच्या टाटा रुग्णालयातून. सुटी सिगारेट घेणारा वर्षानुवर्षं ओढतो आणि हा नंबर त्याच्या डोळ्यांसमोर कधी येत नाही. तो रोज भेटतो फक्त टपरीवाल्याला.

वेप मागणाऱ्यांत काही जण सिगारेट सोडायला बघणारेही असतात. त्यांना टपरीवाल्याने मेडिकलकडे पाठवावं. तिथे २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो. पण तो देणाऱ्याने दोन वाक्यं बोलली नाहीत तर पैसे वाया जातात. हा गम च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नाही. सावकाश चावायचा, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. कड्डीपुडी गालात धरणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं. दुसरं सांगणं फिल्टर कॉफीचं, आणि या भागात ते फार महत्त्वाचं आहे. कॉफी आम्लधर्मी. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना ती घेतली, तर निकोटिन बांधलं जातं, रक्तात उतरत नाही. तलफ तशीच राहते, माणूस 'गमचा काही उपयोग नाही' म्हणतो आणि पुन्हा सिगारेट पेटवतो. सकाळच्या कॉफीबरोबर पहिली सिगारेट ओढणारा नेमका त्याच वेळी गम तोंडात टाकणार, म्हणून हे आधीच सांगायला हवं.

एवढं सांगायला पदवी लागत नाही. कन्नडमध्ये छापलेला एक कागद आणि तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या दिवसाचा वर्ग पुरे होईल. कीटकनाशक विकणाऱ्यासाठी आपण वर्षभराचा अभ्यासक्रम उभा केला, टी. नरसीपूरच्या टपरीवाल्यांसाठी अर्धा दिवस काढणं जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला जड जाऊ नये.

पुढच्या आठवड्यात : चष्म्याच्या दुकानात नंबर काढणारा.