कुत्र्याची नजर आणि माणसाने लावलेला अर्थ

पाळलेल्या कुत्र्याचा आपल्या धन्यावर जीव असतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. परंतु हा जीव भाकरीच्या आशेने केलेल्या लाडीगोडीहून वेगळा आहे हे दाखवायचे कसे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी फारसा मनावर घेतला नव्हता. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठात १९९४ पासून सुरू झालेल्या संशोधनाने ही उणीव भरून काढली. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने वर्षभराच्या बाळांसाठी एक कसोटी तयार केली होती, जिच्यात आई अनोळखी खोलीतून काही वेळ बाहेर जाते आणि परतल्यावर बाळ कसे वागते हे पाहिले जाते. योझेफ तोपाल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हीच कसोटी ५१ कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर लावली, तेव्हा मालक जवळ असताना कुत्रे निर्धास्तपणे खेळत व खोली हुंगत आणि तो परतताच त्याच्याकडे धाव घेत, असे आढळले; बाळ व आई यांच्यातील अशाच नात्याला मानसशास्त्रात ‘अनुबंध’ म्हणतात.

याच विद्यापीठातील आदाम मिक्लोशी यांच्या गटाने २००३ मध्ये मांडलेला प्रयोग अधिक मार्मिक आहे. माणसांनी हाताने वाढवलेले लांडगे आणि कुत्रे या दोघांनाही खाद्य मिळवण्याची युक्ती आधी शिकवली गेली व मग ती गुपचूप निष्फळ करण्यात आली, तेव्हा लांडगे एकटेच झटत राहिले, तर कुत्र्यांनी थोड्याच वेळात वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. या पाहण्याने शरीरात काय होते, याचा शोध जपानमधील आझाबू विद्यापीठाच्या मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांनी घेतला. आई व अर्भक यांच्या जवळिकीशी जोडले जाणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे शरीरात स्रवून रक्तावाटे संदेश पोचवणारे द्रव्य, त्यांनी मूत्राच्या नमुन्यांतून मोजले. ज्या जोड्यांत कुत्रा मालकाकडे दीर्घकाळ पाहत राहिला, त्यांत ते दोघांतही वाढले होते, आणि माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असे काही दिसले नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर कौतुकाने सांगितला गेला. कुत्र्यांच्या नाकात ऑक्सिटोसिन फवारल्यावर नजर रेंगाळण्याचा परिणाम केवळ माद्यांत आढळला होता, ही गोष्ट त्या कौतुकात बहुधा गळून पडते.

नजर खरी असली, तरी तिचा माणसाने लावलेला अर्थ खरा असतोच असे नाही. कान पाडून, डोळे चुकवून बसलेला कुत्रा ‘आपली चूक कबूल करतो’, अशी घरोघर खात्री असते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये ती तपासली: मालकाने खाऊला तोंड लावू नको असे बजावून खोलीबाहेर जायचे आणि परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही याची त्याला कधी खरी, तर कधी खोटी माहिती द्यायची. १४ कुत्र्यांच्या वागण्यात असे दिसले की ‘अपराधी’ चेहरा गुन्ह्याशी नव्हे, तर रागावण्याशी जुळतो. किंबहुना खाऊला न शिवताही बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. कामावरून परतलेल्या मालकाने सकाळी कुरतडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी कुत्र्याला झोडपणे म्हणूनच निरर्थक ठरते, कारण त्याला कळतो तो केवळ मालकाचा चढलेला आवाज. पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धाक व शिक्षा वापरणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे तणावदर्शक संप्रेरक अधिक वाढल्याचे नोंदले गेले.

हे सारे प्रयोग घरात वाढलेल्या कुत्र्यांवरचे आहेत, आणि भारतीय वाचकाला दररोज भेटणारा कुत्रा बहुतांशी गल्लीतला असतो. कोलकात्याजवळील ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने अशाच मोकाट कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या २०१७ मधील प्रयोगात, अनोळखी माणसाने एकदाच देऊ केलेला खाऊ कुत्र्यांनी त्याच्या हातातून घेण्याऐवजी जमिनीवरून उचलणे पसंत केले. परंतु वारंवार भेट देऊन काहींना खाऊ आणि काहींना केवळ गोंजारणे मिळाले, तेव्हा गोंजारलेली कुत्री त्या माणसाच्या जवळ अधिक लवकर येऊ लागली.