बैलाला मोजून, जावयाला आग्रहानं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले, तर आमचा बैल राजा वैरणीकडं बघेना. रवंथ बंद, डावी कूस ढोलासारखी तट्ट. ह्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी कूस वाजवून पाहिली आणि विचारलं, ''काकू, काल पोळ्या किती चारल्या?''

घरच्या पाच मोजता आल्या. पण संध्याकाळी बैल दारोदार फिरले होते. दर दारात पूजा, ओवाळणी आणि तोंडात पुरणाची पोळी. वर पोरांनी लाडानं टोपलंभर भरडा पुढं ठेवलेला.

डॉक्टरांनी सोप्यात सांगितलं. बैलाच्या पोटात चारा पचवणारे जिवाणू असतात, त्यांना सवय कडब्याची, गवताची. एकाएकी कणीक, गूळ, भरडा आला की भलतेच जिवाणू माजतात, पोटात आम्ल साचतं आणि पोटाचं काम थांबतं. उशीर झाला तर जनावर हातचं जातं. आमचा राजा दोन दिवसांनी उठला. तेव्हापासून आमच्या गोठ्यात बैलाला नैवेद्याची एकच पोळी, बाकी हिरवा मका. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलंय, ओवाळा, चारू नका.

त्याच महिन्यात मला साखर निघाली. दवाखान्यातून परतताना मनात आलं, बैलाला आम्ही मोजून घालायला लागलो, माणसाला कधी?

आमचं पाचोड पैठण तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरचं. मोसंबीच्या बाजारामुळं नाव बाहेर ठाऊक, पण पाहुणचारात आम्ही कुणाला हार जाणार नाही. पोळ्याला जावईबापू जेवायला बसले की चौथी पोळी ताटात पडल्याशिवाय सासूचा जीव शांत होत नाही. तिसरीला ते हातानं ताट झाकतात, आपण बोटांच्या फटीतून वाढतो. ह्याला प्रेम म्हणायचं! माझीही ह्यात पन्नाशी उलटली.

एकदा हिशेब मांडला. किलोभर हरभऱ्याच्या डाळीला मी किलोभर गूळ घालते, पोळ्या होतात साधारण पंचवीस. म्हणजे पोळीमागं 40 ग्रॅम गूळ. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅमपर्यंत. निम्म्यावर आणली तर आणखी चांगलं. गूळही त्यातच धरायचा. चार पोळ्यांत 160 ग्रॅम, गुळवणी वेगळीच.

म्हणून पुरण सोडायचं? छे! पुरणाच्या डाळीत प्रथिनं आहेत, चोथा आहे. नुसत्या साखरेच्या मिठाईपेक्षा ते केव्हाही बरं. मी फक्त ताटाचा क्रम बदलला. आधी येळवणीची आमटी, सोबत गवारीची भाजी, मग भात आणि पोळी. भाजी-डाळ आधी पोटात गेली की नंतरच्या गोडानं रक्तातली साखर सावकाश चढते. भजी, कुरडया दोन-दोन. पोळीवर तूप घ्यायचं, मग गुळवणी नाही. गुळवणी घेतली तर तूप थेंबभर. एकाच पोळीवर दोन्ही ओतायची सवय मोडायला मला एक पोळा लागला.

पोळ्याही लहान लाटते. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, ''ह्या काय पोळ्या, पुऱ्या हायेत!'' पण गरम पोळी तव्यावरून एकेक आली, मध्ये थोडा वेळ गेला, तर पोट भरल्याचं आपलं आपल्याला कळतं. पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि आग्रह करणारी बाई तेवढं थांबत नाही.

उरलेल्या पोळ्यांचा मी वानवळा करते. चार घरी दोन-दोन पाठवल्या की आपल्या दुरडीत सकाळी चहाबरोबर तोडायला काही उरत नाही. खरा घात त्या शिळ्या पोळीनं होतो, ती ताटात नसते म्हणून मोजली जात नाही. जेवणानंतर मोसंबी. आंबे बहाराचं फळ तेव्हा बाजारात आलेलंच असतं. रस काढून साखर घालायची नाही, फोडी सोलून खायच्या.

मागच्या पोळ्याला जावईबापूंनी दुसऱ्या पोळीवर हात आडवा धरला. मी थांबले. ते जरा चमकले, हात काढून ताटाकडं बघत राहिले. तेवढ्यात सासूबाई आतून पोळी घेऊन आल्या.