लाल दिव्यानंतरचा एक किलोमीटर

बालाघाटची डोंगररांग बीड जिल्ह्यातून आडवी गेली आहे. त्यामुळे इथल्या गाडीला घाट चुकत नाही, मग तो मांजरसुंब्याचा असो की धारूरचा. अशा घाटात एखाद्या वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो आणि रस्ता सरळ झाला की विझतो. दिवा विझला म्हणजे प्रश्न मिटला, असं समजून गाडी पुढे जाते. बहुतेक वेळा त्या क्षणी इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑइल इतकं उतरलेलं असतं, की वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. ऑइल कमी होणं कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. चेंबरला दगड लागतो, ऑइल बदलल्यावर नट ढिला राहतो, फिल्टरची जुनी रबरी रिंग तशीच चिकटून राहते, किंवा झिजलेलं इंजिन महिनोन्महिने थोडं थोडं ऑइल जाळतं. पण इंजिन कायमचं जातं ते बहुधा दिवा लागल्यावरही गाडी दामटल्यामुळे. तो निर्णय पूर्णपणे चालकाच्या हातातला असतो.

हे पटायला ऑइल नेमकं काय करतं ते पाहावं लागेल. ते फक्त भाग बुळबुळीत ठेवतं, ही समजूत अपुरी आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाला असतं तशा बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगला पाडलेल्या भोकातून तेल वर येऊ लागलं म्हणून त्यात लाकडी बूच ठोकलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. फिरत्या आसामुळे तेलात मोठा दाब तयार होतो आणि सगळा भार त्या दाबावर तोलला जातो, हे त्यातून उघड झालं. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. मोटारीचा क्रँकशाफ्ट आजही याच तत्त्वावर फिरतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी फट असते आणि ती ऑइलनं भरलेली असते. इंजिन नीट चालत असताना हे दोन धातू एकमेकांना जवळपास टेकतच नाहीत. लाल दिवा चेंबरमध्ये ऑइल किती आहे ते सांगत नाही, पंपाचा दाब पडला आहे एवढंच सांगतो. म्हणजे तो लागतो तेव्हा पूर्वसूचनेची वेळ टळलेली असते.

पुढच्या एका किलोमीटरचा हिशेब करून पाहा. ताशी ४० च्या वेगानं हे अंतर कापायला दीड मिनिट लागतं. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर तेवढ्यात क्रँक ३,००० वेळा फिरतो. ऑइलचा थर तुटला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते आणि बेअरिंगवरचा मऊ धातूचा लेप पुसला जातो. मग आतून ठोका ऐकू येऊ लागतो. पिस्टनला थंड ठेवण्यातही ऑइलचा मोठा वाटा असतो. ते थांबलं की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला उभे ओरखडे पडतात. टर्बो असेल तर त्याचा मिनिटाला लाखभर फेरे घेणारा शाफ्टही लवकर जातो. शेवटी बेअरिंग क्रँकला धरतं आणि इंजिन जाम होतं, किंवा रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. तरीही तापमानाचा काटा जागेवर असू शकतो, कारण तो कूलंटचं तापमान दाखवतो, बेअरिंगचं नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ऑइल नसताना गाडी पाच-दहा मिनिटं चालली, पुन्हा ऑइल टाकलं आणि काहीच झालं नाही. असं घडतं. भार कमी असेल तर भागांवर उरलेला ऑइलचा थर काही काळ तग धरतो. पण इंजिन सुरू झालं म्हणजे ते शाबूत आहे, असं ठरत नाही. फिल्टर कापून पाहिला आणि त्याच्या कागदी घड्यांत चमचमणारा धातूचा चुरा दिसला, की बेअरिंग खाल्ल्याचा पुरावा समोर येतो. असं इंजिन काही महिन्यांनी ऐन चढावर बसतं आणि दोष तेव्हाच्या मिस्त्रीवर जातो. दुसरा आक्षेप असा, की सेन्सर खराब झाला की दिवा खोटाही लागतो. तेही खरं आहे. पण खरा-खोटा हे चालत्या गाडीत कळत नाही, आणि इंजिन बंद करून ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) पाहायला पैसे लागत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. घाटात, रात्री, मागून ट्रक येत असताना थांबायचं कसं? जिवापेक्षा इंजिन मोठं नाही. वळणाच्या तोंडावर गाडी उभी करू नये, आणि चालत्या गाडीची चावीही फिरवू नये, कारण इंजिन बंद होताच स्टेअरिंग आणि ब्रेक जड होतात. एक्सलरेटर सोडून जवळच्या रुंद कडेला गाडी घ्यावी, मगच इंजिन बंद करावं. मात्र जिवासाठी शे-दोनशे मीटर जाणं वेगळं आणि ‘गॅरेजपर्यंत कशीबशी नेऊ’ म्हणत पाच किलोमीटर जाणं वेगळं.

बीडमध्ये या फरकाची किंमत अधिक आहे. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती २०२५ साली. तोवर प्रवास आणि मालवाहतूक रस्त्यावरच होती, आणि अजूनही मोठी भिस्त रस्त्यावरच आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तेव्हा ऊस वाहणारा ट्रॅक्टर हे कर्जावर घेतलेलं पोटापाण्याचं साधन असतं. हंगामात इंजिन खोलावं लागलं, तर खर्चाबरोबर मजुरीचे दिवसही बुडतात. विम्याचा आधारही मर्यादित आहे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि दुरुस्तीआधी गाडी चालवून वाढवलेलं नुकसान मालकाच्या माथी येतं. म्हणजे दगडानं फुटलेल्या चेंबरचा खर्च मिळू शकतो, पण त्यानंतर गाडी दामटून जाम केलेल्या इंजिनाचा मिळेलच असं नाही.

म्हणून गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी सपाट जागेवर पट्टी पाहावी. ऑइल दिसलं नाही, तर गळती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये, गाडी ओढून न्यावी. पट्टीवर ऑइल ठीक दिसत असूनही दिवा लागत असेल, तरीही मिस्त्रीकडून गेज लावून दाब मोजून घ्यावा. लांबच्या फेरीआधी पट्टी पाहण्याची सवय तर हवीच. अनेक गाड्यांत तिच्यावरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. एवढं ऑइल वेळेवर घातलं, तर घाटातला तो दिवा लागायची वेळच सहसा येत नाही. आणि लागलाच, तर गाडी ओढून न्यायचं भाडं मुकाट्यानं द्यावं. नव्या इंजिनाच्या खर्चापुढे ते फार थोडं असतं.