नायट्याचं जुनं मलम

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. लावणीच्या दिवसांत पाय चिखलात, मिरकरवाडा बंदरावर ते गमबुटात, आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट. मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कमरेला नाडीच्या जागी नायटा उठतो.

यावरचा जुना, स्वस्त उतारा म्हणजे व्हिटफिल्डचं मलम. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफिल्ड यांचं नाव त्याला लागलं. त्यात बेन्झॉइक आम्ल 6 टक्के आणि सॅलिसिलिक आम्ल 3 टक्के. नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरावर पोसते. सॅलिसिलिक तो थरच सैल करून सोलून काढतं, बेन्झॉइक बुरशीची वाढ रोखतं. गुण यायला काही आठवडे लागतात. चिरलेल्या कातडीवर चुरचुरतं, आणि जांघेत तर विचारूच नका!

सॅलिसिलिकचा सगळा खेळ टक्क्यांचा. मुरुमांच्या फेसवॉशमध्ये ते 2 टक्क्यांपर्यंत, चामखिळीच्या औषधात 17 च्या आसपास, आणि कुरुपावरच्या कॉर्न कॅपमध्ये थेट 40. ही कॅप म्हणजे पट्टीच्या मध्यावर औषधाचा ठिपका आणि भोवती जाड कडी. दोन-तीन दिवसांनी काढली की खालची कातडी पांढरीफटक, भिजलेली दिसते. पाय गरम पाण्यात बुडवून ती हलकेच खरवडायची. मधुमेह असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये. कुरूप कुठलं आणि चांगली कातडी कुठली, हे आम्लाला कळत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम झालेली कळतच नाही, आणि लक्षात येते तेव्हा ती चिघळलेली असते.

नायट्याचं खरं दुखणं आता वेगळंच आहे. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस खूश. आत बुरशी मोकाट पसरते आणि चकतीत चकती उमटते. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी घरात कुणाची तरी उरलेली ट्यूब असतेच, आणि शेजारधर्म म्हणून ती फिरतेही. तिच्यापुढे चुरचुरणारं, संथ मलम मागे पडलं, यात नवल नाही. पण लहानशा, कोरड्या चकतीला ते आजही पुरतं. अंगभर पसरलेल्या नायट्याला मात्र नुसतं मलम पुरत नाही. तिथे डॉक्टर गाठून पोटात गोळ्या घ्याव्या लागतात, आणि घरातल्या इतरांचीही कातडी दाखवावी लागते.