आरएनए तोडणाऱ्या विकराचा स्फटिक

बार्नेज हे बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स या जिवाणूचे विकर. आरएनएचे तुकडे करणे हे त्याचे काम. अवघ्या ११० अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची रचना १९८२ साली क्ष-किरणांनी उलगडली. एकट्या रेणूकडून विखुरणारे किरण फार क्षीण असतात. स्फटिकात मात्र असंख्य रेणू एकाच ठेवणीत रचलेले असतात आणि त्यांचे संकेत एकत्र येऊन मोजता येतात. म्हणूनच आधी स्फटिक हवा.

त्यासाठी काही मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन लागते. ते इ. कोलाय जिवाणूकडून करवून घेतात आणि पहिली अडचण इथेच येते. बार्नेज पेशीत मोकळे राहिले तर त्या पेशीचाच आरएनए तोडते आणि पेशी मरते. यावरचा तोडगा मूळ जिवाणूकडेच आहे. तो बारस्टार नावाचे ८९ अमिनो आम्लांचे दुसरे प्रथिन बनवतो. ते बार्नेजच्या कार्यस्थळात घट्ट बसून त्याला निष्क्रिय करते. म्हणून इ. कोलायमध्ये दोन्ही जनुके घालतात आणि नंतर आम्ल वापरून ही जोडी सोडवतात. दिल्ली विद्यापीठाचे डीएमएच-११ हे मोहरीचे संकरित वाणही याच जोडीवर उभे आहे. बार्नेजमुळे एका पालक वाणात पराग तयार होत नाहीत. बारस्टारमुळे संकरित पिकात ते पुन्हा तयार होतात.

पुढची पायरी, म्हणजे शुद्ध प्रथिनाचा स्फटिक वाढवणे, सातारा-सांगलीच्या वाचकाला परकी वाटू नये. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यात किंवा सांगलीच्या वसंतदादा कारखान्यात गळिताच्या हंगामात हेच तत्त्व चालते. पॅनमध्ये उसाचा रस आटवून अतिसंपृक्त करतात, त्यात बारीक साखरेचे बी सोडतात आणि दाणा वाढवतात. पॅनमन मधूनमधून नमुना काचेवर घेऊन उजेडात धरतो. संपृक्तता हाताबाहेर गेली तर नको असलेला बारीक दाणा उठतो आणि धड मोठा दाणा मिळत नाही. प्रथिनाच्या बाबतीतही नेमके हेच होते, आणि तिथेही कधी कधी जुन्या स्फटिकाचा चुरा बी म्हणून वापरतात.

मात्र साखरेचा रेणू ४५ अणूंचा. बार्नेज त्याच्या सुमारे ३६ पट वजनाचे. शिवाय पॅनची उष्णता त्याला सोसत नाही, रेणूची घडीच उलगडते. म्हणून आटवण्याचे काम चुलीविना होते. मायक्रोलिटरभर प्रथिनात तेवढेच अमोनियम सल्फेटचे किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण मिसळून तो थेंब काचेच्या चकतीला उलटा टांगतात. खाली त्याच द्रावणाची खळगी असते, कडा ग्रीसने बंद केलेल्या असतात. थेंबातले पाणी वाफेच्या रूपात हळूहळू खाली उतरते आणि थेंब दाट होत जातो. आम्लता, तापमान, क्षाराचे प्रमाण बदलून असे शेकडो थेंब लावावे लागतात. बहुतेकांत नुसता गढूळ साका बसतो. कोणता थेंब फळेल हे आधी सांगता येत नाही, आणि संशोधकाचा सर्वांत जास्त वेळ बहुधा इथेच जातो.

मिळालेला स्फटिक मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा असतो. त्यात जवळपास निम्मे पाणीच असल्याने तो फार नाजूक असतो. सुईचा धक्का लागला तरी त्याचा चुरा होतो. नायलॉनच्या बारीक फासात उचलून तो उणे १७३ अंश सेल्सिअसला गोठवतात, म्हणजे किरणांच्या माऱ्यात तो अधिक टिकतो.

भारतात स्फटिकावर असा क्ष-किरणांचा मारा करण्यासाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली खास बीमलाइन आहे. स्फटिक थोडा थोडा फिरवत क्ष-किरणांचे हजारो ठिपके टिपले जातात. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण लहरींची कला हरवलेली असते. ती मिळवण्यासाठी स्फटिकात जड धातूचे अणू भिनवतात किंवा आधी ठाऊक असलेल्या सारख्या रचनेचा आधार घेतात. मग इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा तयार होतो आणि त्यात एकेक अमिनो आम्ल बसवता येते. बार्नेजच्या रचनेमुळे ७३ क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल आणि १०२ क्रमांकाचे हिस्टिडीन शेजारी कसे येतात आणि मिळून आरएनएचा बंध कसा तोडतात, ते उलगडले.

अशा रचनांचा थेट संबंध आपल्याकडच्या जुन्या दुखण्याशी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे माजी संचालक शेखर मांडे यांनी क्षयाच्या जंतूच्या प्रथिनांच्या रचनांवर दीर्घकाळ काम केले. त्या जंतूकडे व्हॅपबीसी कुळातल्या विष-प्रतिविषाच्या सुमारे ५० जोड्या आहेत. त्यांतली व्हॅपसी प्रथिने बार्नेजप्रमाणेच आरएनए तोडतात आणि त्यांची जोडीदार व्हॅपबी प्रथिने त्यांना आवरून धरतात. ही पकड नेमकी कुठे सैल करता येईल, याचा शोध स्फटिकांतून मिळालेल्या रचनांवर घेतला जात आहे.