ग्राफिक्स ड्रायव्हर ‘टाकण्या’चा सोस

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे जुने, पण धडधाकट संगणक नागपुरातल्या कार्यालयांत जसे आहेत तसेच कळमेश्वरच्या एमआयडीसीतील कारखान्यांत आणि दुकानांच्या गल्ल्यांवरही आहेत. त्यांच्यावर लिनक्स बसवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. पण तो सुचवला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘लिनक्स टाकलं की कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून टाकावाच लागतो, नाहीतर डिस्प्ले नीट येत नाही.’ विंडोजच्या सवयीतून आलेले हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

वस्तुस्थिती अशी की, बहुतेक संगणकांवर असा ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागत नाही. लिनक्समध्ये ग्राफिक्सचे काम दोन थरांत विभागलेले असते. खालचा थर कर्नेलमध्ये, म्हणजे हार्डवेअरवर थेट ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या गाभ्यात असतो. इंटेलच्या बहुतेक चिपांसाठी ‘आय९१५’, एएमडीच्या गेल्या दशकभरातील चिपांसाठी ‘एएमडीजीपीयू’ आणि एनव्हिडियासाठी ‘नूव्हो’ हे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. वरचा थर ‘मेसा’ या मुक्त संग्रहाचा असून ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प प्रोग्रॅमने मागितलेले चित्र चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवतो. हे दोन्ही थर उबुंटू, डेबियन, फेडोरा किंवा मिंट यांपैकी कोणतेही वितरण, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, बसवताना आपोआप बसतात, आणि नेहमीच्या अद्यतनांबरोबर नवे होतात. म्हणून इंटेलची चिप असलेल्या कार्यालयीन संगणकासाठी ‘लिनक्सचा ड्रायव्हर’ शोधत बसणे म्हणजे घरात नळ असताना बादली घेऊन विहिरीवर जाणे होय.

अपवाद आहे तो एनव्हिडियाचा, आणि सगळा गोंधळ तिथूनच पसरतो. ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर मुख्यतः कंपनीच्या मदतीविना, चिपचे वर्तन पाहून उलगडत लिहिला गेला. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांतील कार्डांवर कंपनीच्या स्वाक्षरीचे फर्मवेअर आड येत असल्यामुळे त्याला चिपचा वेग वाढवता येत नाही आणि कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकते. अशा वेळी कंपनीचा ड्रायव्हर घेणे रास्तच आहे. चूक होते ती तो कुठून घ्यावा यात. साइटवरची ‘रन’ फाइल चालवली की ती त्या क्षणी चालू असलेल्या कर्नेलपुरता मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडायचा सुटा भाग, तयार करून बसवते आणि ‘नूव्हो’ला सहसा बंद करून टाकते, वितरणाच्या पॅकेज व्यवस्थेला यातले काहीच ठाऊक नसते. पुढे अद्यतनातून नवा कर्नेल येतो, संगणक पुन्हा सुरू होतो, नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल नसतो, जुना पर्याय बंद असतो, आणि पडदा काळा राहतो. मग ‘लिनक्सचा काही भरवसा नाही’ असा निकाल दिला जातो, वास्तविक लिनक्सने सांगितले तेवढेच केलेले असते.

ड्रायव्हर साइटऐवजी वितरणाकडूनच घ्यावा, हे मत केवळ मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांचे आहे असे वाटणाऱ्यांनी एनव्हिडियाचे स्वतःचे डाउनलोड पान नीट वाचावे : वितरणाचे पॅकेज उर्वरित यंत्रणेशी अधिक चांगले जुळू शकते, त्यामुळे कंपनीच्या पॅकेजऐवजी ते वापरावेसे वाटू शकते, असे तिथेच नमूद केलेले आहे. उबुंटूत ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ ही खिडकी आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ याच कामासाठी दिलेले आहेत. तिथून घेतलेला ड्रायव्हर नव्या कर्नेलसोबत जुळवलेला मिळतो किंवा ‘डीकेएमएस’ या सोयीमुळे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी आपोआप पुन्हा बांधला जातो.

काही टाकण्याआधी काय चालू आहे ते पाहण्याची साधी शिस्त मात्र क्वचितच पाळली जाते. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह दिली की प्रत्येक कार्डाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते छापून येते. सेटिंग्जमधील संगणकाच्या माहितीत ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसले, तर चित्र काढण्याचे सगळे काम प्रोसेसरच्या माथी पडले आहे असे समजावे. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ‘नोमोडसेट’. बसवताना पडदा काळा राहिला म्हणून कोणीतरी हा शब्द बूटच्या ओळीत घालायला सांगते, काम भागते, आणि तो शब्द तिथेच राहतो. त्याचा अर्थच असा की कर्नेलने पडद्याचे रिझोल्यूशन स्वतः ठरवू नये. त्यामुळे खरा ड्रायव्हर बहुधा सुरूच होत नाही, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडते आणि व्हिडिओ अडखळतो. तात्पुरत्या इलाजाचा हा शब्द दुरुस्तीनंतर काढायचा असतो.

बाकीचे समज थोडक्यात आटोपण्यासारखे आहेत. पडद्याची मांडणी सांगणारी ‘झॉर्ग डॉट कॉन्फ’ फाइल हाताने लिहावी लागते, हे वीस वर्षांपूर्वी खरे होते. आज बहुतेक मॉनिटर आपली माहिती स्वतःच कळवतात, त्यामुळे ती नसली तरी चालते, आणि वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेत तर ती वाचलीच जात नाही. स्वाक्षरी तपासणारी ‘सिक्युअर बूट’ ही सोय चालू असताना बाहेरचा मॉड्यूल चढला नाही, तर ड्रायव्हर खराब नसून त्याची स्वाक्षरी नोंदवलेली नसते. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ड्रायव्हर ‘पूर्ण खुला’ केला, हेही अर्धसत्यच : खुला झाला तो कर्नेलमधील भाग, तोही ‘ट्युरिंग’ या पिढीच्या आणि त्यापुढच्या चिपांसाठी. ‘लिनक्सला ग्राफिक्स कार्ड झेपत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’कडे पाहावे, एनव्हिडियाच्या ए१०० चिपांवर आणि लिनक्सवर चालणारा हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता.

मराठी कार्यालयांत आणखी एक दोष ड्रायव्हरच्या नावावर हटकून जमा होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेले जुने पत्र लिनक्सवर उघडले की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची रांग दिसते, आणि ‘डिस्प्लेचा प्रॉब्लेम’ म्हणून ड्रायव्हर बदलण्याचा उद्योग सुरू होतो. त्या फाइलींत मुळात देवनागरीचे युनिकोड संकेत नसून विशिष्ट फाँटवर विसंबलेले जुने संकेत असतात. तो फाँट संगणकात नसेल तर जगातला कोणताही ड्रायव्हर ते पत्र वाचून दाखवू शकत नाही. तिथे फाँट बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि ग्राफिक्स कार्डाला हात लावू नये.