पॅकेट सुरू कुठे होतं?

केबलमधून मॉड्युलेटरकडे बाइट्सची सलग धार येते. तिच्यात पॅकेट कुठे सुरू होतं, हे त्याला कसं कळतं, ते आज आपण पाहू.

डीव्हीबी-एस पद्धतीत प्रत्येक पॅकेट १८८ बाइटचं असतं आणि त्याचा पहिला बाइट ठरलेला: ७१. पण ७१ हा आकडा चित्राच्या डेटातही येऊ शकतो ना? येतोच. म्हणून एकदा ७१ दिसला की आपण लगेच विश्वास ठेवत नाही. बरोबर १८८ बाइटांनी पुन्हा ७१, मग पुन्हा, असं सलग काही वेळा जुळलं, की ‘लॉक’ झालं म्हणायचं.

पुढे मॉड्युलेटर डेटा मुद्दाम विस्कटतो, म्हणजे नुसत्या शून्यांची किंवा एकांची लांब रांग लागत नाही. सिंक बाइट मात्र विस्कटत नाही; नाहीतर खूणच हरवेल. हे विस्कटणं दर ८ पॅकेटांनी पहिल्यापासून सुरू होतं. ते रिसीव्हरला कळावं म्हणून त्या पॅकेटचा सिंक बाइट उलटा करतात: ७१ चा १८४.

आता वाटेत एकच बाइट गळला तर? पुढची सगळी मोजणी एका घराने सरकते. डेटा शाबूत असतो, पण पुन्हा लॉक होईपर्यंत आपल्याला तो वाचता येत नाही.